हॉर्नबद्दल मनापासून आभार

मेसन, टेक्सास
ऑक्टोबरचा शेवटचा रविवार

आदरणीय आर्डिस वहिनींस,

धाकट्या दिराचा हॅट काढून, छातीशी धरून नमस्कार. (खरंच काढली आहे. तुमच्या जावेनं, नेल्डानं, स्वयंपाकघरातून घाबरून विचारलं, कोण गेलं म्हणून.) तुमचा गुडघा आता कसा आहे? कोंबड्या अंडी घालायला लागल्या का, की अजून रुसल्याच आहेत? पेकान यंदा भरपूर आले असतील, कवचं फोडून फोडून बोटं काळी झाली असतील. दादाच्या खुब्याबद्दल विचारत नाही. विचारलं तर तो म्हणेल, मला खुबाच नाही, आणि मग दिवसभर मुद्दाम ताठ चालून दाखवेल.

नऊ मैलांवर राहणाऱ्या माणसांना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोन दादा उचलतो, आणि माझा आवाज ऐकला की "राँग नंबर" म्हणून ठेवतो. (स्वतःच्या भावाला! तेसुद्धा माझं नाव घेऊन! "राँग नंबर, वेल्डन.") शिवाय त्याचा चष्मा मार्चपासून हरवलाय आणि टपाल तुम्हीच न्याहारीला मोठ्यानं वाचून दाखवता, हे मला ठाऊक आहे. तेव्हा पत्र तुम्हाला आहे, पण समोर बसलेल्या दोन मोठ्या कानांसाठी आहे. तुमच्या त्या मऊ पावासारख्या बिस्किटांवर ग्रेव्ही वाढून झाली की सुरुवात करा. तोंड भरलेलं असलं की त्याला मध्ये बोलता येत नाही.

आधी माझी चूक. हे जरा सावकाश वाचा. चार जुलैला तुमच्या अंगणात, झेंड्याखाली, सगळं गणगोत ब्रिस्केट खात असताना मी दादाच्या अमेरिकन पिकअपचं दार उघडलं आणि दाराच्या कडेला चिकटवलेलं लेबल सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं: जोडणी, मेक्सिको. मग माझ्या नव्या जपानी पिकअपचं दार उघडून तेही वाचलं: जोडणी, सॅन अँटोनिओ, टेक्सास. सुरुवात त्यानं केली होती, हे खरं. "वडील पॅसिफिकमध्ये जपान्यांशी लढले आणि हा त्यांची गाडी घेऊन झेंड्याखाली आला," असं तो पाद्रीबुवांच्या देखत म्हणाला. (त्याच वडिलांनी पुढं तीस वर्षं जपानी रेडिओवर हवामान ऐकलं, ते सोडा.) पण वहिनी, आपल्याकडे माणसाच्या मताला, चर्चला, फार काय बायकोनं केलेल्या ॲपल पायला नावं ठेवली तरी एक वेळ चालतं. त्याच्या पिकअपचं लेबल त्याच्याच पाहुण्यांसमोर वाचायचं नसतं. दादाचा चेहरा कसा उतरला ते मी पाहिलं. "लेबल काय, कुणीही चिकटवतं," एवढंच तो म्हणाला आणि आत निघून गेला. त्या दिवसापासून मला चैन नाही. मी चुकलो. इथं थांबून त्याला कॉफी द्या.

मी जपानी गाडी का घेतली, हेही आता सांगूनच टाकतो. माझी जुनी अमेरिकन गाडी मे महिन्यात वारली. (दादाची आणि माझी, एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या, सख्ख्या जुळ्या, आठवतंय ना?) अठ्ठावीस वर्षं इमानानं राबली ती, तिच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. दोन्हीकडच्या नव्या गाड्या मी पाहिल्या. अमेरिकन गाडी इतकी उंच की आत चढायला मला नेल्डाचा खांदा लागला, आणि नेल्डा म्हणाली की रोज सकाळी हा खेळ तिला जमणार नाही. जपानी गाडी दोन बोटं बुटकी होती. बस, एवढंच कारण. देशद्रोह वगैरे काही नाही, गुडघे आहेत. पण गावाला कोण सांगणार? रस्त्यानं जाताना समोरचा माणूस स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून रामराम करतो ना, तो माझ्या वाट्याला येईनासा झाला. सदतीस वर्षांची ओळख असलेला पेंडवाला मला "पर्यटक आहात का?" असं विचारून गेला.

आता आठ दिवसांपूर्वीच्या, त्या शनिवारच्या पुराकडे येतो. दोन दिवस पाऊस धो धो कोसळत होता हे तुम्हाला माहीतच आहे. सकाळी सातला मी खालच्या कुरणावर गेलो तर ओढा फुगून दोन्ही बाजूंनी आत आलेला. मधल्या उंचवट्यावर पेकानच्या झाडांखाली माझ्या त्रेचाळीस गाई उभ्या, आणि बाहेर यायला फक्त फाटकाकडची एक पट्टी कोरडी. फार तर तासाभराचा अवधी होता. माझ्याकडे दुसरं आहे काय, वहिनी? या त्रेचाळीस गाई आणि नेल्डा. मी मनाशी म्हटलं, काळजी नको, पेंडीची पोती मागं आहेत, हॉर्न दाबायचा की धावत येतील, आजवर आल्याच आहेत. दाबला. नव्या गाडीचा हॉर्न फार सभ्य आहे. कुणीतरी रुमाल तोंडाला लावून खोकावं, तसा. गाईंनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला. त्यांची तरी काय चूक? उन्हाळाभर गवत होतं, पेंड घालायची वेळच आली नव्हती. हा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. मी पुन्हा दाबला, पोतं हलवलं, हाका मारल्या, शेवटी जुन्या गाडीच्या हॉर्नची तोंडानं नक्कल केली. (हे मोठ्यानं वाचलंत तरी चालेल, त्याला हसू द्या.) थोरली गाय मॉड दोन पावलं पुढं आली, मला नीट न्याहाळलं आणि पाठ फिरवून गेली. पाणी पट्टीच्या कडेला लागलं होतं. मी चिखलात उभा राहून रडलो, वहिनी. अडुसष्टाव्या वर्षी, गाईंच्या देखत.

आणि तेवढ्यात टेकडीमागून तो आवाज आला, माझ्या जुन्या गाडीच्या जुळ्या बहिणीचा. बैलाला कुणी चिमटा काढावा तसा, अर्धा भसाडा, अर्धा फाटका! नेल्डानं गुपचूप तुम्हाला फोन केला आणि तुम्ही दादाला ताटावरून उठवलंत, हे मला नंतर कळलं. दादानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काच इंचभर खाली केली.

"गाडी कुठंय तुझी?"

"ही काय."

"गाडी म्हणालो मी."

एवढं बोलून तो पट्टीवरून थेट आत घुसला. तीनदा हॉर्न दाबला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस गाई वळून अशा धावल्या, जसं काही माहेरचं माणूस आलंय! तो गाडी हळूहळू मागं वळवून बाहेर आला, त्याच्या मागून मॉड, मॉडच्या मागून बाकीच्या, आणि सगळ्यांत शेवटी शेजारच्यांचा बैल, ज्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. फाटक लावून मी वळलो तेव्हा पट्टी पाण्याखाली गेली होती.

दादा खाली उतरला आणि पावसात गाडीभोवती एक फेरी मारेपर्यंत नखशिखांत भिजला. त्याच्या गाडीतला हीटर बंद पडून नऊ वर्षं झाली, हे काय मी सांगायला हवं? मी म्हटलं, "दादा, माझ्या गाडीत बस घटकाभर, सीट गरम होते." म्हणाला, "त्यापेक्षा मी ओढ्यात बसेन." बरं म्हणून मी गाई मोजायला गेलो. मोजून परत आलो तर माझ्या गाडीचं दार बंद, काचा धुरकटलेल्या आणि आत दादा. डोळे मिटलेले, खुब्याखाली सीट पूर्ण गरम. मी काचेवर टकटक केली.

"लेबल वाचत होतो," तो म्हणाला.

"चष्म्याशिवाय?"

"तोंड बंद कर, वेल्डन."

चार महिन्यांनी त्यानं माझं नाव फोन न ठेवता घेतलं, वहिनी. आता हे नीट ऐकवा: दादा, तुझे माझ्यावर फार उपकार आहेत. गाई वाचल्या त्या तुझ्यामुळं. नुसत्या हॉर्नमुळं नाही. चार महिने न बोललेल्या भावासाठी तू न्याहारी टाकून पाण्यात गाडी घातलीस. तुझी गाडी फर्स्ट क्लास आहे, मेक्सिकोची असो की चंद्रावरची. गावात मी हेच सांगत सुटलोय.

नेल्डाकडून पीचचा मुरांबा पाठवतो आहे. तुम्हा दोघांना तुमच्या ऋणात राहणाऱ्या धाकट्याचा पुन्हा एकदा हॅट काढून नमस्कार.

तुमचा,
वेल्डन ब्रॉकमान

ता. क. इथून पुढं मनातल्या मनात वाचा. दादानं विचारलं तर सांगा, मुरांब्याची कृती आहे. वहिनी, पुरानंतर दादा सोमवारी आपणहून आला. गाई घाबरल्या असतील, बघून जातो, म्हणाला. शुक्रवारी पुन्हा आला. खालचं गवत गाळाखाली गेलंय, म्हणजे एप्रिलपर्यंत पेंड घालावी लागणार. माझी तुम्हाला एकच विनंती आहे, सोमवारी आणि शुक्रवारी त्याला असंच पाठवत जा. त्याला म्हणा, वेल्डनचं तुमच्यावाचून अडलंय. भावासाठी तो येणार नाही, गाईंसाठी येईल.

ता. क. दुसरा. हे तर वाचून झाल्यावर चुलीत टाका. बुधवारी मी सहज माझा तो सभ्य हॉर्न दाबून पाहिला. मागं पेंड होतीच. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस धावत आल्या, मॉड सगळ्यांत पुढं. गाईंची निष्ठा पेंडीशी आहे, कंपनीशी नाही, हे दादाला कळता कामा नये. शुक्रवारी तो यायच्या आधी मी माझी गाडी कोठारामागं लावली आणि फाटकाशी हवालदिल चेहरा करून उभा राहिलो, पुढंही तसंच करणार. तो येतो, हॉर्न वाजवतो, पेंड घालतो, आमच्या स्वयंपाकघरात दोन कप कॉफी पितो, माझ्या गाडीला भात शिजवायचं भांडं म्हणतो, मला ठार मूर्ख म्हणतो आणि जातो. चार महिने मला कुणी मूर्ख म्हटलं नव्हतं, वहिनी. घर अगदी खायला उठलं होतं.