बारा फुटी वाट

अण्णा,

आपल्या सोसायटीची स्मरणिका निघतेय आणि त्यात तुमच्यावर एक पान हवंय. कमिटीतले एक गृहस्थ परवा घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "सायकलवेडे अण्णा, असा मथळा देऊ. ते गाड्या नसलेले रस्ते त्यांनीच शोधले होते ना? नव्या लोकांना कळायला हवं." मी हो म्हटलं. तीन संध्याकाळी कागद पुढ्यात घेऊन बसले, आणि तिन्ही वेळा पहिल्याच वाक्याला माझं डोकं तापलं. तेव्हा ते पान त्यांना काही मिळत नाही. त्याऐवजी हे लिहितेय, जे तुम्हालाही मिळणार नाही, कारण तुम्हाला जाऊन आता चौदा वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलत नाहीये, लिहितेय.

कुठलीही तक्रार घेऊन गेलं की तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचात, "आधी बरोबर काय आहे ते सांग." ठीक आहे, सांगते. मी आठवीत असताना तुम्ही आगाशीच्या बाजारातून माझ्यासाठी जुनी लेडीज सायकल आणलीत, स्वतः तिचा गंज घासलात, आणि हायवेकडे चाक वळवायचं नाही अशी मला शपथ घातलीत. ट्रक, टेम्पो, एसटी, तुमच्या लेखी सगळे खुनी. म्हणून दर रविवारी सकाळी आपण उलट्या दिशेला जायचो. फुलपाड्याची शेवटची बिल्डिंग मागे पडते, डांबर संपतं, आणि चाकांखाली मुरूम करकरायला लागतो. एका हाताला धरणाचं पाणी, दुसऱ्या हाताला डोंगर, आणि मधून ती लाल वाट, जिच्यावर म्हशींखेरीज कुणाची ये-जा नाही. तुम्ही पुढे, मी मागे. "पुढचा ब्रेक दाबू नकोस, मुरमावर चाक सरकतं," हे तुम्ही मान न वळवता ओरडायचात. धरणाची वाट, डोंगराखालची वाट, खिंडीतून पलीकडच्या तळ्याकडे उतरणारी वाट, सगळ्या तुम्ही हुडकून काढल्यात. एकीवरही हॉर्न ऐकू येत नसे. ते दिवस फार चांगले होते, अण्णा, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. वाईट असते तर केव्हाच विसरून गेले असते.

पण तुम्हाला नुसतं फिरून भागत नव्हतं. सरकारी ऑफिसात दिवसभर नकाशे काढणारा माणूस रविवारीही नकाशाच काढणार. माझ्या पुढच्या चाकाच्या तारेला तुम्ही लाल चिंधी बांधलीत, चाकाचा घेर सुतळीने मोजलात, आणि चिंधी वर आली की एक, असं मला मोजायला लावलंत. म्हणजे तुम्ही वारा खात जायचं आणि मी मान खाली घालून पाढे म्हणत जायचं. एकदा उतारावर मी नको तोच ब्रेक दाबला आणि दगडांवर आपटले. गुडघा सोलून निघाला होता, रक्त मोज्यात उतरत होतं. तुम्ही सायकल वळवून आलात आणि पहिला प्रश्न केलात, "आकडा किती झाला?" मला आठवेना. "मग पुन्हा धरणाच्या बंधाऱ्यापासून सुरू करावं लागेल," तुम्ही म्हणालात, आणि खरंच मला परत नेलंत.

तिथेच काकी आपल्याला भेटल्या. डोंगराखाली त्यांचं भाताचं खाचर होतं, आणि आपली वाट त्यांच्या बांधावरूनच जात होती. नवरा गेल्यापासून शेत त्या एकट्या बघायच्या. त्यांनी मला बांधावर बसवलं, दगडीपाला चोळून रस गुडघ्यावर पिळला, आणि कळशी तोंडाशी धरली. "पानी पी गो, बाय. बापूस काय मानूस हाय का कोन? पोर रगतानं भिजली नि हा मोजतोय." तुम्ही हसलात. वहीत काहीतरी लिहीत होतात. त्यानंतर प्रत्येक रविवारी आपण तिथे थांबायचो, पाणी प्यायचो. बांध त्यांचा होता, पण सायकली कशाला आणता असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

मग नकाशा. ऑफिसातून उरलेला ट्रेसिंग पेपर तुम्ही डब्याच्या पिशवीत गुंडाळून आणलात आणि चार रात्री जेवणाचं टेबल अडवून बसलात. आई आम्हाला जमिनीवर वाढायची. नकाशा देखणा झाला होता, ते मी नाकारत नाही. पण पायवाट दाखवायची ती एका ठिपक्यांच्या रेघेने, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत, आणि तुम्ही काढल्यात दोन रेषा, गाडीरस्त्याला काढतात तशा. मी विचारलं, तर म्हणालात, "एका रेघेने नकाशा भिकार दिसतो." दोन रेषा आल्या म्हणजे मधली रुंदी लिहिणं आलं. तुम्ही लिहिलंत, बारा फूट. मी म्हटलं, "अण्णा, काकींच्या बांधावर आपल्याला शेजारी शेजारीसुद्धा चालवता येत नाही." तुम्ही पेन पुसत म्हणालात, "ड्रॉइंगमध्ये रुंदीची जागा रिकामी ठेवत नाहीत." लांबीसाठी माझ्याकडून हजारो चकरा मोजून घेतल्यात, आणि रुंदीला साधी टेपसुद्धा लावली नाहीत. खाली कोपऱ्यात नाव, हुद्दा, सही. घरच्या कागदावर हुद्दा कशाला, हे मला तेव्हा विचारायला सुचलं नाही.

ऑफिसातल्या मशीनवर त्याची अमोनियाच्या वासाची प्रिंट काढून तुम्ही जिन्यात लावलीत. दोन मजले वास येत होता. लोक थांबून बघायचे, आणि तुम्ही कामावरून आलात की उगाचच चपला हळूहळू काढत तिथे रेंगाळायचात. एका रविवारी पांढऱ्या सफारीतला एक माणूस वर आला. डोंगरापलीकडे दगडाची खाण घेतलीय म्हणाला, निसर्गाची आवड आहे म्हणाला. आणि म्हणाला, "काय हात आहे हो साहेब तुमचा! एखादी कॉपी मिळाली तर फ्रेम करून लावीन." त्या माणसाच्या बोटांत चार अंगठ्या होत्या, अण्णा. सायकलवर तो जन्मात बसला नसेल, हे नववीतल्या मुलीला दिसत होतं. तुम्हाला मात्र फक्त "साहेब" एवढंच ऐकू आलं. तुम्ही ऑफिसातून त्याला तीन प्रिंट आणून दिल्यात, तिन्हींवर नव्याने सही करून.

पुढच्या वर्षी काकी आपल्याकडे आल्या. तीन जिने चढून, धापा टाकत. खाणवाल्याला डंपर न्यायला रस्ता हवा होता. काकी म्हणत होत्या, इथे रस्ता नाही, माझा बांध आहे. तो म्हणत होता, रस्ता आधीपासून आहे, बारा फुटी, हा बघा सरकारी माणसाने काढलेला नकाशा. गावातल्या निम्म्या लोकांना खाणीत काम कबूल झालं होतं, त्यामुळे काकींच्या बाजूने कुणी तोंड उघडत नव्हतं. रस्ता खरंच आहे का ते ठरवायला गावच्या शाळेत सरकारी चौकशी ठेवली होती. तुम्ही आतल्या खोलीत होतात आणि बाहेर आला नाहीत. काकी मलाच म्हणाल्या, "बापसाला सांग, येक डाव येऊन बोल म्हनावं. वाट सायकलीची हाय, गाडीची न्हाय. येवढंच बोल म्हनावं. त्याचा कागद हाय, त्याचं आयकतील."

त्या गेल्यावर मी आत आले. तुम्ही पेपर उलटा धरला होतात. मी म्हटलं, जाल ना? तुम्ही म्हणालात, "सही केलीय मी. आता रुंदी चुकली म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? आणि कागद ऑफिसचा, प्रिंट ऑफिसच्या. उद्या माझीच चौकशी लागली तर? तुझं कॉलेज आहे पुढे." माझं कॉलेज! आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझी ढाल केलीत, आणि तीही कुणासमोर, तर तीन जिने चढून आलेल्या एका बाईसमोर. मी तुम्हाला भेकड म्हटलं. तुम्ही मारलंत. त्या थपडेचं मला काही नाही. पण दुसऱ्या आठवड्यात चौकशीच्या दिवशी तुम्ही नेहमीच्या वेळी उठलात, दाढी केलीत, डबा घेतलात आणि निघून गेलात. आईला म्हणालात, भेंडी जरा कमी तिखट कर. ते मी विसरू शकत नाही.

मी शाळा बुडवून सायकलने गेले. चौथीच्या वर्गात चौकशीचे साहेब बाकांमागे टेबल लावून बसले होते. तुमची प्रिंट पसरून चारी कोपऱ्यांवर डस्टर आणि पेपरवेट ठेवले होते. मला बघून काकींचा चेहरा उजळला. "बापूस येतोय का मागनं?" साहेबांनी नकाशाची फार तारीफ केली. मग वर बघून विचारलं, "या रस्त्याबद्दल आणखी कुणाला काही सांगायचंय?" त्या वाटेची इंच न् इंच मोजणारी मी दाराशी उभी होते. मी काही बोलले नाही. बारा फूट मंजूर झाले.

त्यानंतरचं तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळा संपता संपता जेसीबी आला, बांध गेला, खाचराचा अर्धा तुकडा गेला, आणि खडीच्या धुळीने उरलेलं पीक पांढरं पडलं. ज्या वाटेवर हॉर्न वाजत नाही म्हणून तुम्ही मला नेत होतात, तिथे दिवसाला किती डंपर जातात हे मोजायचं मी सोडून दिलं. सायकली तुम्ही गच्चीवर नेऊन ठेवल्यात. आपण पुन्हा त्या बाजूला गेलो नाही, आणि घरात त्याविषयी एक शब्द निघाला नाही. तुम्ही बिनबोभाट रिटायर झालात, शाल-श्रीफळ घेतलंत, आणि वर्षभरात गेलात. तुमच्या दहाव्याला लोक नकाशाबद्दलच बोलत होते.

एक मात्र तुम्हाला ठाऊक नाही. चौकशी संपल्यावर मी काकींबरोबर शेतापर्यंत चालत गेले, सायकल हातात धरून. त्या रडल्या नाहीत. बांधावर पोचल्यावर म्हणाल्या, "बापूस का नाय आला गो?" मी म्हटलं, ताप आहे, अंथरुणातून उठवत नाही. त्या तिथेच थांबल्या. बांधावरच्या शेवग्याला हात घालून त्यांनी जुडीभर शेंगा काढल्या, पदरात पुसल्या आणि माझ्या कॅरिअरला बांधल्या. "शेंगांचं पानी दे त्याला, मीठ घालून. तापाच्या तोंडाला चव येल. नि सांग, लय मनाला लावून घेऊ नको म्हनावं. आजारी मानूस काय करील?" संध्याकाळी आईने त्या शेंगांची आमटी केली. तुम्ही दोनदा घेतलीत आणि विचारलंत, शेंगा कुठल्या? मी म्हटलं, बाजारातल्या.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते खोटं तुम्ही मला बोलायला लावलंत. पण नाही, अण्णा. ताप आला म्हणून सांग, असं तुम्ही मला म्हटलं नव्हतंत.