लगोरीत माही लुडबुड

राजमान्य इवाई भगवंतराव, जुने शहर, अकोला, यायले भातकुलीहून उत्तमरावचा जय गुरू.

तुमचे गुडघे कसे हायेत? इहीनबाईचा खोकला गेला काय? इकडं वांगे चांगले, मेथी चांगली, माही तब्येत चांगली. फक्त इज्जत गेली. फोनच करनार होतो, पन मले फोन तुमची-माही नात गीतांजलीच लावून देते, अन् ती माह्यासंगं बोलत नाई. (आठ वर्षाची पोट्टी, पन रुसली का थेट इहीनबाई!)

त्याचं असं झालं. शाळेत खेळ शिकवाले करिश्मा मॅडम आल्या. आपल्या गीतांजलीसारखे पायात जोर नसलेले, कमी दिसनारे, सारेच लेकरं खेळले पाह्यजे म्हनून त्यायनं लगोरीच बदलली. ठिकऱ्या मोठ्या, चेंडूत घुंगरू, अन् ज्याले जसं जमते तसं त्यानं जायचं. कोनी वॉकर धरून, कोनी बसल्या बसल्या सरकत. कायदा एकच: घरच्या मानसानं चुन्याच्या रेघेच्या आत पाय ठेवायचा नाई. मले वाटलं, कायदा बाकीच्यायसाठी हाये. (जन्मापासून तिले कडेवर घेऊन बाजारभर फिरलो, मले कोन रेघ दाखवते?)

शनिवारी सामना झाला. आपल्या पोरीनं पहिल्याच चेंडूत लगोरी फोडली! मंग वॉकर घेऊन निघाली, अन् अर्ध्यात पडली. माह्या काळजाचं पानी झालं. चपला टाकून धावलो, तिले उचललं, लगोरीपाशी नेलं, अन् घाईघाईत ठिकऱ्याबी मीच रचल्या. वरून हात उंच करून "लगोरी!" म्हनून वरडलो. मॅडमनं शिट्टी मारली, अख्खा संघ बाद. ज्याले कमी दिसते तो नितेश खुशीत इचारते, "येवढ्या जलदी कोनं रचली बे?" अन् गीतांजली माह्या खांद्यावर रडत म्हने, "आबा, मी उठूनच राहिली होती ना!"

खरं सांगतो इवाई, ते मले लय लागलं. दोन घास गेले नाई त्या दिवशी.

आता रविवारी अकोल्यात सामना हाये. पोट्टी मायसंगं तुमच्याकडंच उतरन. मले तिनं मायच्या तोंडून येऊ नको म्हनून बजावलं. जाऊ द्या, मलेबी वांगे तोडाचे हायेत.

आपला बाद झालेला,
उत्तमराव

ता. क. तुमी पाहाले नक्की जाजा. पडली तर जागचे हलू नका. तुमचं काळीज मले ठावं हाये, माह्याहूनबी कच्चं.

आनखी ता. क. वांगे कालच तोडून झाले. मीबी येऊन राहिलो, तिले सांगू नका. सगळ्यात मांगं माह्या बाजूले बसजा. ती पडली, का तुमी माहं धोतर गच्च धरजा, मी तुमचा पायजामा धरतो. तिचं उठनं होईपर्यंत सोडायचं नाई.