घोड्याला लागलेला हात

शनि. १० जाने.
चार फेऱ्या झाल्या. साडेतीन गुण. मंगल कार्यालयात स्पर्धा, खुर्च्यांना अजून कुणाच्या तरी लग्नातले गुलाबी फुगे बांधलेले. दुसऱ्या फेरीत आमच्या एमआयडीसीतलाच एक फिटर, रात्रपाळी करून थेट आलेला. डोळे मिटत होते, वजीर देऊन बसला. घेतला. दया नंतर.

जाधव सरांचेही साडेतीन. पोलादपूरला हायस्कुलात इतिहास शिकवतात. जन्मापासून दिसत नाही. दोन वर्षं दर रविवारी त्यांच्या ओटीवर खेळतेय. वीस वर्षं बंद पडलेला माझा खेळ त्यांनीच सुरू करून दिला.

जिल्ह्याच्या संघात चौघं घेणार, मग राज्य स्पर्धा. सोळाव्या वर्षी निवड झाली होती माझी. "मुलगी चार दिवस एकटी राहणार कुठं?" झालं, वडिलांचा शब्द. आता एकेचाळीस. या वेळी जायचंच.

रवि. ११, दु. १
सहा फेऱ्यांनंतर पाच गुण. शेवटच्या फेरीत समोर कोण, तर जाधव सर. त्यांचेही पाचच. जो जिंकेल तो संघात चौथा. बरोबरी झाली तर सर, त्यांचे टायब्रेक चांगले. म्हणजे मला जिंकायलाच हवं. डबा उघडला आणि बंद केला.

सर हात धुताना भेटले. म्हणाले, "मॅडम, आज ओटीवरची दोस्ती ओटीवर. अंधांच्या स्पर्धा तीनदा खेळलो मी. एकदा डोळसांच्या संघात बसायचंय." हसून म्हणाले. पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

सं. ७
जिंकले. संघात चौथी.
बाकी उद्या. आज नको.

सोम. १२
लिहूनच टाकते.

सरांशी खेळायचं म्हणजे दोन पट. माझा साधा, त्यांचा भोकांचा, सोंगट्यांना खाली खुंट्या. खेळी मोठ्यानं सांगायची. ए-बी-सी ऐकण्यात चुकू नये म्हणून ॲना, बेला, सेझर… शेवटचा एच म्हणजे हेक्टर. माझा हात माझ्या पटावर काय करतोय हे त्यांना कळणार कसं? मी सांगेन तेव्हाच. म्हणून ओटीवर आमची रीत: सोंगटीला हात लागला की आपणच म्हणायचं, "हात लागला." मग तीच हलवायची, स्पर्धेतलाही नियमच तो, मरो की जगो. दोन वर्षं म्हणत आले. एकदा त्यापायी अख्खा वजीर घालवला, तेव्हा सरांच्या बायकोनं, वहिनींनी, चहाबरोबर भजी दिली होती.

काल एकविसावी खेळी. मध्यावर प्यादं फुकट दिसलं. घोडा उचलला. नुसतं बोट लागलं असं नाही, चांगला चार बोटं वर उचलला. आणि तेवढ्यात दिसलं: त्यांचा उंट लांबून माझ्या राजाशेजारच्या घरावर टपलेला, वजीर त्याच घरासमोर, आणि ते घर राखतोय एकटा हा घोडा. हलवला की मात, मात टाळावी तर घोडा फुकट जाणार.

पंच पलीकडच्या टेबलावर कुणाचं तरी भांडण सोडवत होते. सर मान खाली घालून, बोटं त्यांच्या पटावर.

घोडा जागेवर ठेवला. आवाज न करता. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर मी स्वतःला सांगेन की विसरले. विसरले नव्हते.

म्हटलं, "प्यादं, हेक्टर तीन."

"हेक्टर तीन," सर नेहमीसारखं परत म्हणाले आणि त्यांच्या पटावर माझं प्यादं त्यांनीच पुढे सरकवलं.

एकतिसाव्या खेळीला सर वेळेच्या घाईत चुकले. डाव सोडला, उठून हात मिळवला. त्यांचा हात गरम होता, माझा गार.

मंगळ. १३
कंपनीच्या लॅबमध्ये पेढे. मोठ्या साहेबांनी न मागता चार दिवसांची रजा मंजूर केली. टायट्रेशन दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा दुसरीला करायला सांगितलं.

मिलिंदला सांगितलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, नवरा काय म्हणणार ते ठाऊकच होतं. "तक्रार केली कुणी? नाही ना? मग मिटलं. क्रिकेटमध्ये बॅट लागली म्हणून स्वतःहून कोण जातं गं?" मी चिडले. वास्तविक दोन दिवस मी मनाशी हेच घोकत होते. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा किती हलकट वाटलं.

गुरु. १५
पंचांचा मेसेज: अर्ज मंगळवारी पाचपर्यंत मेल करा, नाही आला तर पाचव्या क्रमांकाला विचारू. पाचवे सर.

संध्याकाळी सरांचाच फोन. "मॅडम, ती हेक्टर तीन! दुसऱ्या कुणीही प्यादं खाल्लं असतं. मी जाळं लावून बसलो होतो. आज मधल्या सुट्टीत मुलांना तीच खेळी दाखवली. म्हटलं, मोह आवरणं म्हणजे काय ते बघा."
मी "हो" म्हणाले. हो!
क्षणभर वाटलं, यांना कळलंय आणि टोचतायत. पण सरांना टोचून बोलता येत नाही. चोराच्या मनात चांदणं.

शनि. १७
झोप नाही, भूक नाही, पोळ्या करपतात. राज्य स्पर्धेचं वेळापत्रक मात्र पाठ झालंय. लाज वाटते आणि जायचंही आहे. दोन्ही एकदम.

रवि. १८
सकाळच्या एसटीनं पोलादपूर. वहिनी दारातच. "या मॅडम. आठ दिवस तुमचंच कौतुक चाललंय घरात. दुसरं बोलनंच नाय."

पट मांडायच्या आधी सांगून टाकलं. सगळं, ठेवताना आवाज केला नाही तेही.

माझी खात्री होती, त्यांना आधीच कळलेलं असणार. एवढे तिखट कान. मी सांगायची वाट बघत असतील, मग म्हणतील, माहीत होतं मॅडम. आठवडाभर मी त्याच आशेवर होते, हे आता कळतंय.

त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. चेहरा उतरत गेला तो मी बघत बसले.

म्हटलं, "मी नाव मागे घेते सर. तुम्ही जा."
"असं मिळालेलं नको मला."
"मग मी पंचांना कळवते."
"निकाल लागलाय. आता पंच काय करणार?"
सर सोंगट्यांच्या खुंट्या एकेक भोकात बसवत होते, शेवटची राहिली तशी हातातच धरली. म्हणाले, "आधीच्या डावांत कधी?"
"नाही सर."
"बरं."
"खरंच नाही."
"नाही म्हणताय म्हणजे नसेल."

डाव झाला नाही. चहा घेतला. स्टँडपर्यंत सोडायला ते नेहमी येतात, आज वहिनी आल्या.

सोम. १९
पंचांना फोन लावला, उचलायच्या आत कापला. दोनदा.
मिलिंद म्हणतो, "सांगितलंस ना? मोकळी झालीस." मोकळी कसली.

मंगळ. २०
आजारी म्हणून रजा टाकली.

बाराला वहिनींचा फोन. "मॅडम, काय झालंय तुमच्यात? काल शाळेत गेले नाय, आज पन नाय. ब्रेलच्या वह्या काढून बसलेत. तुमचे दोन वर्षांचे डाव एकेक करून मांडतायत. मधीच थांबतात, चाचपतात, परत पहिल्यापासनं. जेवायला उठा म्हटलं तर म्हनतात, एवढा एक बघू दे."
म्हटलं, "त्यांना सांगा वहिनी, त्यात काही नाही."
"काय नाय त्यात?"
मी पुन्हा तेच म्हणाले. त्यांनीच फोन ठेवला.

वहीत नुसत्या खेळ्या असतात. हातानं काय केलं ते नसतं. शंभरेक डाव झाले असतील आमचे. सगळे मांडून झाले तरी त्यांना काही सापडणार नाही, आणि काही नव्हतं हेही कळणार नाही. ते फक्त मी सांगू शकते, आणि माझं सांगणं आता…

साडेतीन झाले. अर्ज समोर उघडा आहे. नाव सोडून सगळं भरलंय.