गरुडखडकावरचं प्रवाळ

कंपू, ग्वाल्हेर
१२ फेब्रुवारी २०१७

प्रिय गोविंद,

नानांचं ऑपरेशन नीट झालं. कालपासून खोलीतल्या खोलीत फिरतात आणि नर्सशी हिंदीत भांडतात, म्हणजे तब्येत सुधारली. इथे अजून थंडी आहे. आईने तुला आशीर्वाद सांगितलेत.

संघटनेचा अध्यक्ष झालास, अभिनंदन. मालवणातले सगळे डायव्हिंगवाले एकत्र यावेत, सगळ्यांना एकच नियम असावा, म्हणून आपण दोघं दारोदार फिरलो होतो. नेमकं बैठकीच्या आधी मला इकडे यावं लागलं. तू फोनवर म्हणालास, "नवशिके पर्यटक फक्त वाळूवर उतरवायचे, गरुडखडक सगळ्यांना बंद. सगळे कबूल झाले गो." मी हॉस्पिटलात पेढे वाटले.

परवा नया बाजारात राजलक्ष्मीकडे गेले होते. माझी चुलत बहीण; तुमच्या बैठकीनंतर मीच तिला हनीमूनला तुझ्याकडे पाठवलं होतं. तिने मोबाइलवर व्हिडिओ लावला. "देख ना ताई, कितनी मस्त जगह!" गरुडखडक मी लगेच ओळखला. ती प्रवाळावर दोन्ही पाय रोवून उभी होती. फांद्या तुटून खाली पडत होत्या. आणि फोटोसाठी तिचे खांदे धरून तिला सरळ उभं करत होतास तू. मागे दुसऱ्या बोटीचा नांगर खडकातच रुतलेला.

मग तिने शोकेसमधून एक पांढरा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. "जीजाजींनी खुद तोडून दिला. म्हणाले, ग्वाल्हेरला समुद्र कुठे आहे, घेऊन जा."

तिला काय ठाऊक, गोविंद? तुला ठाऊक होतं. पाणी तापून अर्धा खडक मेला तेव्हा माझ्याशेजारी बोटीत बसून तूच रडला होतास.

घरी येऊन तुला फोन केला. मुद्दामच विचारलं, "गरुडखडक बंदच आहे ना?"

"अगो, बंद म्हणजे बंद. माझ्यावर भरवसा नाय?"

किती सहज बोललास! हा नियम सोडला तरच अध्यक्ष करू, असं बाकीचे म्हणाले असतील. तसं सांगितलं असतंस तर मी भांडले असते, पण तुझ्याजवळ राहून भांडले असते.

काल राजलक्ष्मीला सगळं समजावलं. रडली बिचारी, पण तुकडा आणि व्हिडिओ दोन्ही दिले. गुरुवारी मी येतेय ती थेट वनखात्याच्या ऑफिसात जाणार आहे; प्रवाळही वन्यजीव कायद्यात येतं. तक्रारीत तुझं नाव असेल. कुडाळ स्टेशनवर येऊ नकोस.

आई सकाळपासून विचारतेय, पत्रिकेवर गोविंदरावांच्या आजोबांचं नाव कसं लिहायचं. आज छापखान्यात जाऊ नकोस, एवढंच तिला म्हटलं. का, ते आधी तुला कळायला हवं होतं.

तुझी होणार होते ती,
पद्मा