पाळण्यातलं हसू

चि. सौ. दर्शनास,

दोन वर्षांमागं माळशेज घाटात आपला टेम्पो उलटला आणि आपली नणंद अनिता गेली. आपण दोघी वाचलो, पण दोघींच्या मनात भीती बसली. एकाच डॉक्टरांकडं दोघींनी उपचार घेतले. आता मला अपघाताची स्वप्नं पडत नाय, एसटीत बसायलाही भ्या वाटत नाय. डॉक्टर म्हणाले, "दोघी बऱ्या झालात."

मग म्हसा गावच्या जत्रेत तू आकाशपाळण्यात बसलीस आणि वरून खदखदून हसलीस. मी खाली उभी होते. मला कशाचाच आनंद होत नव्हता. तुझं हसू बघून मी नुसती जळले. तू उतरलीस तशी मी म्हणाले, "अनिता गेली ते इसरलीस वाटतं गो?"

तुझा चेहरा उतरला. खरं सांगते, मला बरं वाटलं. तेव्हापासून तू घरात गप्प असतेस.

काल मी एकटीच डॉक्टरांकडं गेले. मी म्हणाले, "भीती गेली, पण हसू येत नाय." ते म्हणाले, "मग अजून बरं व्हायचं बाकी आहे. तुमच्या जाऊबाई कशा आहेत?"

"मजेत आहे," मी म्हणाले. त्यांनी तुला बरं केलं आणि मी परत आजारी पाडलं, हे सांगता आलं नाय.

हे पत्र तुला देणार नाय. उद्या तोंडानंच सांगेन. तू परत हसलीस तर मी परत जळेन, तेही सांगेन.

तुझी थोरली जाऊ,
सुंदरा