बॉनेटवर ठेवलेली किल्ली

बा, परवा त्या कापसाच्या जिनवाल्या मालकाच्या मोटारीची किल्ली मी दुसऱ्यांदा केली. एकाच हंगामात, एकाच गाडीची. तू असतास तर आधी हसला असतास आणि मग विचारलं असतंस, दिली कोणाच्या हातात? तेवढंच सांगायला लिहायला बसलो, पण ते एका ओळीत सांगून होत नाही.

धंदा तुझाच आहे आणि तुझ्यासारखाच चालवतो. सायकल बदलली, पेटी तीच आहे. हँडलला जुन्या किल्ल्यांचा जुडगा बांधलेला असतो, तो वाजला की लोक ओट्यावर येतात. मोटारी अजूनही थोड्याच, पण मोटारीची किल्ली हरवली की मालकाला दम निघत नाही. निरोप एस.टी.च्या कंडक्टरबरोबर येतो, की अमक्या गावी गाडी उभी आहे, चाबीवाल्याले धाडा. मग मी यवतमाळहून निघतो, बाभुळगाव, राळेगाव, नेर, जिथं असेल तिथं. वय काही झालेलं नाही, तरी परतताना चढ आला की मी उतरून सायकल ढकलत नेतो. पेटी जड नाही. निघण्याआधी मी ती तीनतीनदा तपासतो, वाटेत थांबून पुन्हा उघडतो, आणि त्यानंच जास्त थकवा येतो असं वाटतं.

तुझी रीत मी बदललेली नाही. कोरी किल्ली काजळीवर धरायची, मोटारीच्या स्विचमध्ये घालायची, हलकेच पिळायची, बाहेर काढून उजेडात बघायची. जिथं काजळी पुसली गेली तिथंच कानस चालवायची, आणि पुन्हा काजळी. हे तू मला चुलीजवळ शिकवलंस, मायच्या चिमणीच्या ज्योतीवर. माय भाकरी थापते आहे आणि ओरडते आहे, "भाजीत काजळी पाडसान, बाप-लेक!" तू मान वर न करता म्हणतोस, "पडू दे. तेवढं मीठ कमी टाक." मी घाईनं जास्त घासतो, किल्ली वाया जाते, आणि तू ती चिमट्यानं वाकवून माझ्यासमोर मोडून टाकतोस. चुकलेली किल्ली साबूत ठेवायची नाही, म्हणतोस.

तू नागपूरहून दीक्षा घेऊन आलास त्यानंतर धंद्यात तू एकच गोष्ट बदललीस. त्याआधी झालेली किल्ली तू पायरीवर ठेवायचास, आणि मालक ती पाणी शिंपडून उचलायचा. नंतर तू ती हातातच धरून उभा राहायला लागलास. मी सातवीतून शाळा सोडून तुझ्याबरोबर नुकताच फिरू लागलो होतो तेव्हाचा नेरचा तो दिवस मला अजून दिसतो. कापसाच्या दलालाची जीप आहे, उन्हानं पत्रा तापला आहे, दलाल ओट्यावर पान लावतो आहे. तो म्हणतो, "ठेव ना बे तिथं पायरीवर." तू म्हणतोस, "मालक, चाबी हाय. हातात घ्या." तो म्हणतो, "मी कायले घेऊ? ठेव म्हनलं ना!" उभा राहतोस, हात पुढे करून, कितीतरी वेळ. दलाल आत जातो, बाहेर येतो, तू तिथंच. शेवटी तो गड्याला हाक मारतो. गडी येतो, किल्ली घेतो, आणि तू ओट्याकडे बघून सांगतोस, "याच्या हातात देल्ली मालक, तुमच्यासमोर. ध्यानात राहू द्या."

वाटेत मी म्हणालो, ठेवून द्यायची होती ना, बा, ऊन किती होतं. तेव्हा तू सायकल थांबवलीस. इतका कधी रागावला नव्हतास. "ऊन तुलेच लागलं काय? मले नाई लागलं? अरे, गावात चोरी झाली का पयले कोनाले बलावते? आपल्याले. मंग आपली चाबी गेली कोनाच्या हातात, हे तरी आपल्याले ठाऊक पायजे का नाई?" मी तेव्हा एवढंच समजलो की ही धंद्याची सावधगिरी आहे. पाण्याबद्दल तू काही बोलला नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

यंदा कापूस यायला लागला तेव्हा बाभुळगावच्या सरकी काढायच्या जिनमधून निरोप आला. ड्रायव्हरच्या खिशातली किल्ली कापसाच्या गंजीत पडली होती आणि गंजी माणसांनी उपसूनही सापडली नव्हती. दुपारभर बसून मी किल्ली केली. गाडी चालू झाली. मालक सावलीत खाटेवर होता, म्हणाला, ठेव बॉनेटवर. आणि बा, मी ठेवली. बॉनेटच्या मधोमध, घसरू नये म्हणून आडवी. सायकलवर बसलो तेव्हा ती उन्हात चमकत होती.

आठवडाभरात ती गाडी रात्रीतून गेली आणि सकाळी राळेगावच्या रस्त्याला कापसाच्या पऱ्हाटीत घुसलेली सापडली, एक दिवा फुटलेला. हवालदार घरी आला. ठाण्यात मी त्याच भिंतीला बसलो जिथं तू बसायचास. "दुसरी चाबी कोनासाठी केली बे?" मी म्हणालो, एकच केली. "मंग थे कोनाच्या हातात देल्ली?" मी म्हणालो, बॉनेटवर ठेवली. तो खुर्चीत मागे रेलून हसला. "बॉनेटच्या हातात देल्ली म्हने! मंग बलावू काय बॉनेटले साक्षीले?" सगळे हसले. बा, सगळ्यात वाईट हे की मीही थोडा हसलो. संध्याकाळपर्यंत बसलो. माय फाटकाशी भाकरी घेऊन उभी होती, तिला आत येऊ दिलं नाही. दिवे लागताना हवालदार म्हणाला, "जाय आता." का बसवलं आणि का सोडलं हे कोणी सांगितलं नाही. नंतर ड्रायव्हरकडून कळलं. मी पाठ फिरवल्यावर मालकाच्या जावयानं ती किल्ली बॉनेटवरून उचलून खिशात टाकली होती. मालकाला वाटलं ड्रायव्हरकडे आहे, ड्रायव्हरला वाटलं मालकाकडे. जावई रात्री यवतमाळला सिनेमा बघायला निघाला आणि रस्ता चुकून शेतात घुसला. सासऱ्यानं झापलं तेव्हा त्यानं रागानं किल्ली विहिरीत फेकली.

म्हणून परवा पुन्हा बोलावणं. माय म्हणाली, "कायले जातं रे? थ्यायले म्हन, जावयाले उतरवा हिरीत." मलाही जायचं नव्हतं. पण या बाजूला मोटारीचं काम करणारा दुसरा कोणी नाही, आणि नाही म्हटलं तर चोर होता म्हणून आला नाही असं झालं असतं. पेटी तपासली, पुन्हा तपासली, गेलो.

किल्ली लवकर झाली, स्विच आता ओळखीचा होता. मालक त्याच खाटेवर. "झाली काय? ठेव बॉनेटवर." मी खाटेपाशी गेलो आणि हात पुढे केला. बोललो ते फार हळू बोललो, त्याला दोनदा विचारावं लागलं. "मालक, हातात घ्या. मागच्या बारीले बॉनेटवर ठेवली, तं माहा दिवस ठान्यात गेला." हमाल ओझी घेऊन तसेच उभे राहिले. ड्रायव्हर टायरकडे बघायला लागला. खरं सांगतो, अजून थोडा वेळ गेला असता तर मी वळून बॉनेटकडे गेलो असतो. मालकानं माझ्याकडे बघितलं, मग हमालांकडे, आणि म्हणाला, "आन." त्यानं हात पुढे केला. मी किल्ली दिली. त्याच्या अंगठ्याला काजळी लागली, ती त्यानं धोतराला पुसली. बस, एवढंच झालं.

तुला आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचो, तुला अक्षर येत नव्हतं. तरी हे मी ऱ्हस्व-दीर्घ बघून, दोन जागी खोडून लिहिलं आहे. तुला वाचून दाखवावं तर तू आता नाहीस आणि दुसऱ्या कोणाला दाखवायचं नाही, तेव्हा ते पेटीत तळाशी, कोऱ्या किल्ल्यांखाली राहील. मायला मी फक्त काम झालं एवढंच सांगितलं. तुला मात्र सांगतो. परतताना चढावर मी उतरलो नाही. त्यानं किल्ली हातातून घेतली म्हणून मला घरापर्यंत आनंद होत होता. त्या दिवशी नेरहून परतताना, राग ओसरल्यावरही, तुझ्या तोंडावर तसं काही नव्हतं. तू नुसता सायकल चालवत होतास.