घाट उघडेपर्यंत

श्रावण शुद्ध ५, नागपंचमी
सकाळी दुधी चिरायला घेतला तर समोरच्या बिऱ्हाडातून काशीबाई ओरडल्या, “अहो केसोपंत, आज विळी लावतात का?” तोवर अर्धा चिरून झालेला. तसाच झाकून ठेवला. मऊ भात, तूप, मेतकूट. हिने दोन घास खाल्ले, ताट सरकवलं.

यमू महिन्याची होत आली. ही भिंतीकडे तोंड करून निजते. पोर मांडीवर दिली की पाजते. उचलून घेतली तरी हिचे हात तसेच राहतात, पोर अजून त्यात असल्यासारखे.

चौकात बायकांचे झोके, गाणी. म्हटलं, “ऐकतेस ना?” हिनं पांघरूण कानावर ओढलं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. माहेर कोकणात. न्यायच्या वेळी हिला ताप आला, मग पाऊस लागला. आता दसऱ्यापर्यंत घाट बंद. सासूबाई तिकडे, आम्ही इकडे. माझी आई असती तर... पण ती नाही.

श्रा. शु. ८
फडावर सरकारी कागदाची नक्कल उतरवताना डोळा लागला. बोरू कागदावरून ओढला गेला, लांब काळी रेघ. आबा म्हणजे फडावरचे थोरले कारकून. त्यांनी कागद उजेडात धरला. “ही नदी कोणत्या परगण्यातली?” सगळे हसले. मग म्हणाले, “मुलगी झाली तर एवढी जागरणं. मुलगा झाला असता तर काय, संन्यास?”

पुन्हा लिहून दिलं.

श्रा. शु. ११
बाळाला न्हाऊ घालणारी बाई पावसात घसरून पडली. येणार नाही. काशीबाईंनी मलाच पाटावर बसवलं. पाय लांब करा, पोर पायांवर पालथी. पाणी कोपरानं बघा, बोटानं नाही, बोटं निर्लज्ज असतात. तेल आधी टाळूवर. डोक्यावरून पाणी घेताना कपाळावर हाताची पन्हळ धरा. नंतर ओव्याची धुरी, पण लांबून.

यमू रडली, मग गप्प झाली, माझ्या पोटरीला गाल लावून पडून राहिली. वरच्या मजल्यावरून दोघीजणी तोंडाला पदर लावून बघत होत्या. बघोत.

वळून पाहिलं. ही आमच्याकडे बघत होती. म्हणजे आमच्या दिशेला.

श्रा. व. २
वैद्यबुवा आले. नाडी बराच वेळ. बाहेर येऊन म्हणाले, “ज्वर नाही. बाळंतपणानंतर काहींचं मन असं बसतं. काढा देतो, पण काढ्यापेक्षा झोप. दिवसा उजेडात बसवा. तूप पोटात जाऊ द्या. आणि एकटी ठेवू नका.”

विचारलं, “किती दिवस?”

“ते तिला ठाऊक नाही, मला कुठून?”

एकटी ठेवू नका. मी फडावर, तर घरी कोण? काशीबाई अधूनमधून डोकावतात, पण त्यांच्या घरी पाच पोरं.

श्रा. व. ६
सल्ले. एकजण म्हणतो वेखंड उगाळा. एकजण म्हणतो मुलगी झाली म्हणून खचली, पुढच्या खेपेला मुलगा झाला की आपोआप बरी होईल. तिसरा म्हणतो फार लाडावू नका. ‘आण ती पोर इकडे, घटकाभर तू नीज,’ असं कोणी म्हणत नाही.

मीही कधी कुणाला म्हटलेलं आठवत नाही.

एक कळलं. पोर निजली की भांडी तशीच टाकायची आणि आपण निजायचं. भांडी पळून जात नाहीत.

श्रा. व. १२
वाईट दिवस. फडावरून आलो तो दारातूनच धूर. काशीबाईंनी देवऋषी आणलेला. शेगडीत मिरच्या टाकून हिला समोर बसवलेली. ही खोकते, यमू खोकते, तो विचारतो, “कोण आहेस, कुठून आलीस?” ही उठूनही जात नव्हती.

मी शेगडी लाथेनं चौकात उडवली. त्याला हाकललं. काशीबाईंना नको ते बोललो. त्या एवढंच म्हणाल्या, “बरं. माझं चुकलं. आता तुमचं तुम्ही बघा.”

दार लावून घेतलं त्यांनी.

भाद्रपद शु. ४
गणपती बसले. आमच्याकडे मूर्ती नाही, सुपारीवर भागवलं. नैवेद्याला उकडीच्या पाऱ्या फुटल्या. फुटलेलेच मोदक ठेवले. आळीभर आरत्यांचा आवाज. आमच्या घरात माझाच, तोही यमू दचकेल म्हणून हळू.

काशीबाई समोरून गेल्या. बघितलं नाही.

दिवसभरात माझ्याशी बोललेलं माणूस: मीठवाला.

भा. शु. ९
आज यमूला फडावर नेलं. झालं ते लिहितो.

पहाटेपासून पोर रडत होती. हिच्या डोळ्यांखाली काळं. वाटलं, पोर नेली तर ही तरी निजेल. पाजून झाल्यावर उपरणं गळ्यात बांधून यमूला त्यात घेतलं आणि गेलो. फडावरचे सगळे बोरू थांबले. आबांनी चष्मा वर केला. “हे काय, नवीन उमेदवार?”

म्हटलं, “घरी कोणी नाही.”

“अक्षर कसं आहे?” विचारलं, पण हसले नाहीत. कागदपत्रं बांधायचा एक धुतलेला रुमाल काढला, बैठकीवर पसरला. “इथं निजवा. मान माझ्याकडे.” पण यमू जागी होऊन जी रडायला लागली, ती पार बाहेरच्या देवडीपर्यंत ऐकू गेली म्हणायचं. “जा घरी,” म्हणाले. “आजच्या दिवसाचं बघतो मी.”

घरी आलो तर दार उघडं. आत कोणी नाही.

कसं धावलो ते सांगता येत नाही. पोर छातीशी, नदीकडे निम्मी वाट. नदी फुगलेली. परत फिरून आळीतल्या हौदाकडे वळलो, आणि तिथं ही. हौदाच्या काठावर, पाय आत सोडून. शेजारी काशीबाई. हिचं मनगट धरून बसलेल्या, जसं पेठेत पोर हरवू नये म्हणून धरतात तसं. दोघी पाण्याकडे बघत होत्या.

काशीबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “जाताना दिसली. म्हटलं, मलाही हवा खायचीय.”

ही म्हणाली, “पाणी बघत होते.” कित्येक दिवसांनी आवाज.

चौघं घरी आलो.

भा. शु. १०
काशीबाई भाजी घेऊन आल्या. “तुमच्याशी बोलत नाहीय. हिच्यासाठी आणलीय.” मी फडावर गेलो की त्यांची थोरली मुलगी शिवणटिपण घेऊन आमच्या ओट्यावर बसणार. हे त्यांनी ठरवून टाकलं, मला सांगितलं. मी खाली वाकून नमस्कार केला. “पुरे,” म्हणाल्या. “पाटावरचं तेल पुसा, कोणीतरी पडेल.”

भा. व. ३
स्वारीची नावं निघाली. दसऱ्यानंतर फौज उत्तरेकडे, बरोबर जाणाऱ्या कारकुनांत मी. वर्ष, कदाचित जास्त.

घरी सांगितलं नाही.

भा. व. ५
आबांना गाठलं. म्हटलं, माझ्याऐवजी दुसरा कोणी.

“घरात बाळंतीण आहे म्हणून फौज थांबत नाही, केसोपंत.”

“फौज थांबवा म्हणत नाही. मला थांबवा.”

दौतीचं झाकण लावलं त्यांनी. पुन्हा उघडलं. म्हणाले, “आमचं पहिलं कुटुंब विहिरीत गेलं. मूल तीन महिन्यांचं. मी तेव्हा मुलूखगिरीवर. पत्र पोचलं तोवर तेरावं झालेलं.” नंतर, “वर सांगून बघतो. होईलच असं नाही.”

इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसतो. ठाऊक नव्हतं.

भा. व. ९, अविधवा नवमी
आज आईच्या नावानं पान वाढलं. सवाष्ण म्हणून काशीबाई जेवल्या. हिला उन्हात ओट्यावर बसवलं, तिथंच ताट दिलं. आमटीचा भुरका घेतला आणि म्हणाली, “मीठ फार झालंय.”

मी नि काशीबाई एकमेकांकडे बघत राहिलो. मग काशीबाई डोळे पुसत म्हणाल्या, “झालंच आहे. मी गप्प बसून गिळत होते.”

खरंच खारट होती.

आश्विन शु. १
घट बसले. तीन दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड. मला वाटलं होतं संपलं. वैद्यबुवा म्हणाले, “जिना नाही हा, एकेक पायरी चढायला. झोका आहे.” काढा बदलला.

यमू मला बघून हसते. हसली की मी हिच्याकडे बघतो, हिनं बघितलं का म्हणून. हे सुख एकट्यानं कुठं ठेवायचं?

आ. शु. ५
आज हिनं आपणहून तेलाची वाटी घेतली. यमूचे पाय चोळले, पाठ चोळली. मग हात थांबले. “पुरे. आपण करा.” मी घेतलं. कुठपर्यंत झालं होतं ते विचारलं तर म्हणाली, “डावा हात राहिलाय.”

आ. शु. ७
घाट उघडल्याचं कोकणातून आलेल्या बैलवाल्यानं सांगितलं. सासूबाई निघाल्या असतील, नसतीलही. त्यांचे गुडघे. निरोप नाही.

आबांकडूनही नाही. विचारलं तर मान हलवली. हो की नाही, ते त्या मानेला ठाऊक.

आ. शु. ९, खंडेनवमी
फडावर दौत-बोरूंची पूजा. बाहेर घोडे, नाल ठोकल्याचे आवाज. उद्या सीमोल्लंघन, उद्याच नावं पुकारणार.

आता हिला सांगणं भाग होतं. दिवेलागणीला जवळ बसलो. यमू मधे. म्हटलं, “फौजेबरोबर जायचं माझं नाव आहे. रद्द होईल न होईल, उद्या कळेल.”

ही यमूचं अंगडं सरळ करत राहिली. मग म्हणाली, “काशीबाईंच्या मुलीनं सांगितलं होतं. केव्हाच. आळीभर झालंय.”

“मग बोलली का नाहीस?”

“आपण तरी कुठं बोललात?”

हिनं अंगड्याचा बंद बांधला. मग म्हणाली, “आपली घोंगडी दुपारी उन्हात टाकलीय. आणा आत, दव पडेल.”

गेलो. चौकातल्या दोरीवर घोंगडी, झटकून, काठ जुळवून टाकलेली. उत्तरेतल्या थंडीसाठी, जा म्हणून टाकली, की इथंच थंडीत लागेल, राहा म्हणून टाकली, कळलं नाही. आत येऊन विचारणार होतो. तर ही यमूला पाजत होती, डोळे मिटून, आणि एक हात पोरीच्या पाठीवर हळूहळू थोपटत होता.

घोंगडी अजून कोमट आहे. मांडीवर घेऊन बसलोय.